ग्रॅव्हल सायकलची देखभाल आणि बदलायचे भाग: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ग्रॅव्हल सायकल म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारी, रुंद टायरची सायकल. ही उत्तरं आपल्याकडच्या रस्त्यांसाठी आहेत. पानशेत-मुळशीकडचे मुरुमाचे रस्ते, सासवड-जेजुरीकडच्या पाणंदी, कॅनॉलच्या कडेची मातीची वाट, कोकणातला जांभा. ग्रॅव्हलवरचं बहुतेक लिखाण युरोप-अमेरिकेतल्या हवेवर बेतलेलं असतं. आपल्याकडे चार महिने पाऊस, मग धूळ आणि मार्चपासून चाळिशीचं ऊन, त्यामुळे तिथलं वेळापत्रक इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. ज्या कामांत माझे स्वतःचे हात काळे झाले, त्यांवर जास्त लिहिलंय. बाकीचं थोडक्यात.

नवी ग्रॅव्हल सायकल घेतली. पहिला खर्च कशावर करू?

टायरवर. दुसरा खर्च ब्रेक पॅडवर, तिसरा सीट आणि हँडलच्या टेपवर. डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग), चाकं, क्रँक (पॅडलचे दांडे) यांना एवढ्यात हात लावू नका.

माझा साधा नियम आहे. जो भाग झिजलाय तोच बदलायचा, आणि बदलताना एक पायरी वरचा घ्यायचा. नव्या सायकलचा चांगला चालणारा डिरेलर काढून महागडा बसवला तर जुना कपाटात पडून राहतो आणि रस्त्यावर फारसा फरक जाणवत नाही. टायरचं तसं नाही. कंपनीने दिलेले टायर बऱ्याचदा जड आणि कडक असतात. ते बदलल्यावर पहिल्याच खडबडीत उतारावर मनगटांना फरक कळतो.

टायर किती रुंदीचा घ्यावा?

फ्रेम आणि फोर्कमध्ये मावेल तेवढा, पण दोन्ही बाजूंना निदान पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा ठेवून. डांबर आणि मुरूम निम्मे-निम्मे असतील तर ३८ ते ४० मिमी पुरतो. जांभ्याच्या रस्त्यावर किंवा गुडघाभर खड्ड्यांच्या वाटेवर ४५ बरा.

मोकळ्या जागेचा आग्रह का धरतो ते काळ्या रानात पावसानंतर एकदा गेलात की कळेल. पहिल्या पन्नास मीटरमध्ये टायरवर मातीचा थर चढतो, त्याला गवत चिकटतं आणि पुढच्या शंभर मीटरमध्ये चाक फोर्कमध्ये रुतून बसतं. अशा वेळी पॅडलवर जोर देऊ नका. माती डिरेलरला ओढून चाकाच्या तारांमध्ये घालते. उतरा, काठीने माती काढा, सायकल खांद्यावर घ्या आणि बांधाबांधाने चाला. माझ्या फोर्कच्या आतल्या बाजूचा रंग एकाच दिवसात मातीने घासून गेलाय, खाली धातू दिसतो.

७०० च्या चाकांऐवजी ६५०बी, म्हणजे थोड्या लहान रिमची चाकं, बसवून टायर आणखी रुंद करता येतो. ६५०बी ला ४७ मिमीचा टायर लावला की चाकाचा बाहेरचा व्यास ७०० ला २८ मिमी टायर लावल्यावर होतो तेवढाच भरतो. म्हणजे सायकल थोडी खाली बसते आणि वळणावर पॅडल दगडाला लागण्याची शक्यता वाढते. टायरचं माप बदललं की स्पीडोमीटरमध्ये चाकाचा घेरही बदला. ३२ वरून ४० वर गेलात तर फरक साधारण दोन टक्के पडतो.

हवा किती मारायची?

पंपवाल्याला विचारलंत तर तो हाताने दाबून "फुल्ल" मारून देईल. ग्रॅव्हल सायकलवर तसं नको. ७० किलोचा माणूस आणि ४० मिमीचा ट्यूबलेस टायर असेल तर पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूब असेल तर पाच-सहा पीएसआय वाढवा, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. पुढे दर फेरीला दोन-दोन पीएसआय कमी करत जा. रिम दगडाला लागल्याचा ठक्क आवाज आला की दोन पीएसआय परत वाढवायचे, ते तुमचं माप.

रिम हुकलेस, म्हणजे टायर पकडणारी आतली कड नसलेली, असेल तर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही कमाल मर्यादा आहे. टायरवर त्याहून कमी आकडा छापला असेल तर तोच पाळायचा. पेट्रोल पंपावरच्या मशीनने ती मर्यादा कधी ओलांडली जाते ते कळतही नाही. सातशे-आठशे रुपयांचा हवेचा गेज हे या छंदातलं सर्वांत वसूल होणारं हत्यार आहे.

ट्यूबलेस करावं का?

करावं. आपल्याकडे तर नक्कीच, आणि त्याचं कारण सराटे आणि बाभूळ.

दिवाळीनंतर रस्त्याच्या कडेला सराट्याचे वेल वाळतात आणि त्यांचे काटेरी गोळे वाटेवर पसरतात. जेजुरीच्या मागच्या माळावर एकदा आम्ही चौघे होतो, तिघांना ट्यूब आणि मी ट्यूबलेस. दोन तासांत तिघांची मिळून नऊ पंक्चर झाली. घरी येऊन मी माझा मागचा टायर काढला आणि आतून हात फिरवला, तर सतरा टोकं हाताला लागली. प्रत्येक टोकाभोवती सीलंटचा, म्हणजे टायरमध्ये ओतलेल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाचा, पांढरा ठिपका जमून वाळला होता. हवा फक्त तीन पीएसआय उतरली होती.

करायला लागणाऱ्या वस्तू: ट्यूबलेस चालणारी रिम आणि टायर, रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी रुंद टेप, व्हॉल्व आणि सीलंट. टेप लावण्यापूर्वी रिम स्पिरिटने पुसा आणि टेप ताणून लावा. ट्यूबलेस गळतं त्यात निम्म्याहून जास्त वेळा टेपचाच दोष निघतो. ४० मिमीच्या टायरला साधारण ६० मिलि सीलंट पुरतं.

आता उन्हाळ्याची गोष्ट. पाकिटावर बहुधा "दोन ते सहा महिने" असं काहीतरी लिहिलेलं असतं. मार्च ते मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली किंवा गच्चीवर उभ्या राहणाऱ्या सायकलचं सीलंट सहा आठवड्यांतही वाळतं. चाक कानाजवळ धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली नाही तर व्हॉल्वचा आतला भाग काढून वरून थोडं ओता. तो भाग काढायचं छोटं हत्यार सीलंटसोबतच घेऊन ठेवा.

वाटेत ट्यूबलेस टायर फाटला तर?

छोट्या भोकाला प्लग, म्हणजे रबरी वात, पुरतो. भोक खाली आणून सीलंटला काम करू द्या. तरी हवा येत असेल तर रबरी वात भोकात घाला आणि उरलेलं टोक कापू नका, ते चालवता चालवता झिजतं.

कडेचा भाग फाटला तर ट्यूब घालावीच लागते. रस्त्याचं काम चालू असेल तिथली ताजी खडी सर्वांत वाईट. आपला बेसाल्ट फोडला की त्याला सुरीसारखी धार येते. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी २००६ पासून होणारी आणि आता अनबाउंड नावाने ओळखली जाणारी शर्यत अशाच धारदार गारगोटीमुळे टायर फाडण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथले स्वार जाड कडेचे टायर वापरतात. तसा टायर थोडा जड असतो, पण मी आता तोच घेतो.

ट्यूब घालण्यापूर्वी एक गोष्ट अजिबात विसरू नका. टायरच्या आतून फडकं पूर्ण फिरवा. वर लिहिलेली ती सतरा टोकं आठवतात ना? सीलंटमुळे ती गप्प बसलेली असतात. ट्यूब घातली की त्यातलं प्रत्येक टोक तिला टोचतं. फाटलेल्या जागी आतून दुमडलेली नोट किंवा जुन्या टायरचा तुकडा लावा, म्हणजे ट्यूब भोकातून बाहेर फुगत नाही.

चेन कशाने धुवायची? डिझेल चालतं का?

चालतं, मी कित्येक वर्षं डिझेलच वापरलं. पेट्रोल नको, आगीचा धोका असतो. चेन काढून बाटलीत घाला, बाटली हलवा, गाळ बसू द्या, दोनदा करा. मग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. डिझेलचा थर राहिला तर नवं तेल आत शिरत नाही. वापरलेलं डिझेल नाल्यात ओतू नका. गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरता येतं.

चेन सायकलवर असतानाच धुणार असाल तर मागची डिस्क प्लास्टिकच्या पिशवीने झाका. डिझेलचा एक थेंब डिस्कवर उडाला तर पॅड खराब होतात.

तेल किती? प्रत्येक रोलरवर एक थेंब, पाच मिनिटं पॅडल उलटं फिरवा, मग बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि त्याची काळी लुगदी होते, तीच चेन झिजवते. धुळीच्या दिवसांत पातळ, कोरडं तेल आणि पावसात घट्ट.

मेण लावलेली चेन आपल्याकडे चालेल का?

ऑक्टोबर ते मे उत्तम चालते. पॅराफिनच्या वितळलेल्या मेणात चेन बुडवली की धूळ तिला चिकटतच नाही आणि हातही काळे होत नाहीत. कोरड्या रस्त्यावर एकदा लावलेलं मेण साधारण तीनशे किलोमीटर टिकतं. पावसात मात्र एका फेरीत धुऊन जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेनवर तांबूस गंज दिसतो. मी पहिल्या पावसाला तेलावर येतो आणि दिवाळीच्या सुमारास परत मेणावर. मेण लावण्यापूर्वी नव्या चेनचं कंपनीचं ग्रीस पूर्ण निघालं पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते.

चेन बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

चेन मोजायचं माप विकत मिळतं, ते घ्या. ११ आणि १२ स्पीडची (मागे तेवढे गिअर असलेली) चेन ०.५ टक्के झिजेवर बदला, १० आणि त्याखालची ०.७५ वर. माप नसेल तर इंचांची पट्टी वापरा. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, बारा इंचांनंतरची पिन एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर ०.५ टक्के झीज झाली.

चेन वेळेत बदलली तर एका कॅसेटवर (मागच्या दातेरी चाकांच्या संचावर) तीन चेन सहज निघतात. उशीर केलात तर नवी चेन जुन्या कॅसेटवर घसरते आणि दोन्ही बदलावं लागतं. मुळशीच्या एका चढावर माझी चेन अशी घसरली की गुडघा हँडलच्या स्टेमवर आदळला. त्यानंतर माप नेहमी माझ्या खोक्यात सर्वांत वर असतं.

चेन जोडायची लिंक: ११ आणि १२ स्पीडच्या बऱ्याच लिंक कंपनीच्या सांगण्यानुसार एकदाच वापरायच्या असतात. एक नवी नेहमी सोबत ठेवा.

गिअर नीट पडत नाहीत, खटखट आवाज येतो. केबल ताणू का?

आधी मागे जाऊन उभे राहा आणि डिरेलरकडे बघा. दोन छोटी चाकं असलेला पिंजरा कॅसेटला समांतर दिसला पाहिजे. तिरका दिसला तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकलाय. सायकल उजव्या बाजूला पडली की हे हमखास होतं. वाकलेल्या हँगरवर केबल ताणत बसलात तर दोन गिअर लागतात आणि दोन बिघडतात.

हे मी धडा घेऊन लिहितोय. कॅनॉलच्या कडेला सायकल उभी केली होती, वाऱ्याने उजव्या बाजूला पडली. काही झालेलं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी घाटात सर्वांत हलका गिअर टाकला, डिरेलर तारांमध्ये गेला, हँगर तुटला, पिंजरा पिळला आणि तीन तारा गेल्या. तीस सेकंद मागे उभं राहून बघितलं असतं तर फक्त हँगर सरळ करून भागलं असतं.

हँगर मुद्दामच मऊ धातूचा असतो, फ्रेमऐवजी तो मोडावा म्हणून. पण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो आणि दुकानात ऐन वेळी मिळत नाही. सायकल घेतानाच एक जादा मागवून ठेवा. सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये यूडीएच नावाचा एकच मापाचा हँगर आणला आणि आता पुष्कळ नव्या फ्रेम त्यावर येतात. तुमची तशी असेल तर हा शोध सोपा होतो.

हँगर सरळ असेल तर पुढचं काम बॅरलचं, म्हणजे केबलचा ताण बदलणाऱ्या स्क्रूचं. चेन मोठ्या स्प्रॉकेटवर (कॅसेटच्या दातेरी चाकावर) चढायला कुरकुरत असेल तर बॅरल अर्धा फेरा बाहेर, लहानवर उतरायला वेळ घेत असेल तर आत. तरीही जमलं नाही तर आतली केबल आणि तिचं आवरण बदला. एका पावसाळ्यानंतर आवरणाच्या टोकांत माती आणि गंज साचतो. नवी केबल हा सगळ्यांत स्वस्त "अपग्रेड" आहे आणि त्याने गिअर नव्यासारखे पडतात.

चढाला गिअर कमी पडतो. मागे मोठी कॅसेट बसेल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून नीट मांडतो.

आधी हिशोब. पुढे ३० आणि मागे ३४ दाते म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक ०.८८ फेरा फिरतं. ४० मिमी टायरच्या चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर, म्हणजे एका फेऱ्यात तुम्ही साधारण १.९ मीटर पुढे जाता. मिनिटाला साठ फेरे मारलेत तर ताशी सात किलोमीटर. सिंहगडाच्या चढावर किंवा मातीच्या तीव्र चढावर याहून हळू जाणारे असाल तर गिअर खरंच कमी पडतोय. तुमच्या सायकलचे दाते मोजा आणि हाच हिशोब करा.

मग बघायच्या तीन गोष्टी.

डिरेलरला किती मोठं स्प्रॉकेट झेपतं? शिमानो कंपनीच्या जीआरएक्स या ग्रॅव्हलच्या गिअर-संचात पुढे दोन चाकत्या (पॅडलजवळची दातेरी चाकं) असणारा ११ स्पीडचा आरएक्स८१० अधिकृतपणे ३४ पर्यंत जातो, पुढे एकच चाकती असणारा आरएक्स८१२ ४२ पर्यंत. १२ स्पीडच्या आरएक्स८२२ मध्ये लांब पिंजऱ्याचा ५१ पर्यंत आणि मधल्या पिंजऱ्याचा ४५ पर्यंत. अधिकृत आकड्यापेक्षा दोन दाते जास्त घालून बी-स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून दूर ठेवणारा स्क्रू) आवळून चालवणारे भरपूर लोक आहेत, ते बहुधा चालतं. पण हे घरी स्टँडवर तपासून बघा, घाटात नको.

फ्रीहब, म्हणजे हबचा कॅसेट बसणारा भाग, कोणतं आहे? मागे ११ दात्यांपासून सुरू होणाऱ्या बहुतेक कॅसेट साध्या एचजी फ्रीहबवर बसतात. शिमानोची १० दात्यांची मायक्रो स्प्लाइनवर आणि स्रॅमची १० दात्यांची एक्सडी किंवा एक्सडीआरवर. इथे चूक झाली तर हबसुद्धा बदलावं लागतं.

चेन पुरेल का? मोठी कॅसेट लावली की चेनही लांब हवी. चेन डिरेलरमधून न नेता पुढच्या सर्वांत मोठ्या चाकतीवरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या स्प्रॉकेटवरून फिरवा, जिथे भेटते तिथून एक इंच जास्त ठेवा. आखूड चेन चुकून मोठ्या-मोठ्यावर टाकली तर डिरेलर उखडतो.

शिमानोच्याच सोरा ९ स्पीडवाल्यांसाठी एक कामाची गोष्ट. शिमानोच्या ९ स्पीडमध्ये रोड आणि एमटीबी (डोंगरी सायकल) डिरेलर केबल सारखीच ओढतात. म्हणून सोराचे शिफ्टर ठेवून मागे अलिव्हिओसारखा ९ स्पीडचा एमटीबी डिरेलर लावला की ११-३६ कॅसेट आरामात चालते. थोड्या पैशात मोठा फरक पडतो. १० स्पीडला ही युक्ती लागू नाही, तिथे एमटीबीचं ओढण्याचं प्रमाण वेगळं आहे. पुढच्या डिरेलरमध्येही रोड-एमटीबी मिसळू नका.

कॅसेट बदलूनही भागत नसेल तर पुढची चाकती लहान करा. जीआरएक्सचा ४६-३० दात्यांचा क्रँक आपल्या घाटांसाठी ४८-३१ पेक्षा मला जास्त योग्य वाटतो. ज्याचं गुडघ्यांवर प्रेम आहे त्याने वरचा वेग विसरून खालचा गिअर मिळवावा.

पुढे एक चाकती बरी की दोन?

चिखलात आणि दगडात एक. लांब डांबरी प्रवासात दोन. मी एक वापरतो, कारण पुढचा डिरेलर हीच चिखल साचायची मुख्य जागा आहे. दोन चालवणाऱ्याने फक्त याचसाठी पैसे घालून एकावर जाऊ नये.

ब्रेक पॅड किती टिकतात?

किलोमीटरमध्ये उत्तर देता येत नाही. कोरड्या हवेत वर्षभर टिकलेले पॅड ताम्हिणीच्या एका पावसाळी दिवसात संपलेले मी पाहिलेत. सकाळी निघताना दीड मिमी थर होता, संध्याकाळी विळे गावात थांबलो तेव्हा डिस्कवर धातू घासल्याचा आवाज येत होता. पाण्याबरोबर येणारी बारीक वाळू घासकागदासारखं काम करते.

म्हणून पावसाळ्यात दर फेरीपूर्वी बघा. चाक काढून टॉर्च मारा, थर अर्धा मिमी उरला की बदला. रेझिन पॅड शांत असतात पण ओल्यात भराभर झिजतात. मेटल पॅड आवाज करतात आणि जास्त टिकतात. मेटल लावण्यापूर्वी डिस्कवरचा मजकूर वाचा, काही डिस्कवर फक्त रेझिनसाठी असं कोरलेलं असतं. शिमानोची डिस्क नवी असताना १.८ मिमी असते, १.५ वर आली की बाद.

नवे पॅड बसवले की ते घासून बसवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर पंचवीसच्या वेगावरून ब्रेक दाबत जवळजवळ थांबा, चाक अडकू देऊ नका, असं पंधरा-वीस वेळा करा. हे न करता थेट घाट उतरू नका.

केबलचे डिस्क ब्रेक आहेत. हायड्रॉलिक करू का?

आधी केबलचेच नीट करून बघा. मजबूत, न दबणारं आवरण घाला. साधं आवरण दाबल्यावर आत दबतं आणि ती ताकद वाया जाते. नव्या आवरणाने लिव्हर दगडासारखा घट्ट होतो. पॅड झिजले की फक्त केबल ताणू नका, कॅलिपरवरच्या (पॅड धरणाऱ्या भागावरच्या) स्क्रूने पॅड आत आणा. केबल ताणत राहिलात तर कॅलिपरचा हात आधीच अर्धा फिरलेला राहतो आणि ऐन उतारावर जोर संपतो. दोन्ही पॅड एकाच वेळी हलणारा कॅलिपर, उदाहरणार्थ टीआरपी स्पायर, हीसुद्धा चांगली सुधारणा आहे.

एक इशारा मनापासून देतो: गिअरचं आवरण ब्रेकला कधीही लावू नका. गिअरच्या आवरणात तारा उभ्या असतात, ब्रेकच्या जोराने ते फुटतं. ब्रेकच्या आवरणात त्या गुंडाळलेल्या असतात किंवा उभ्या तारांवर जाळीचं वेष्टण असतं. गावाकडच्या दुकानात दोन्ही एकाच खिळ्यावर टांगलेली असतात, म्हणून कापलेलं टोक स्वतः बघा.

हायड्रॉलिक आधीच असतील तर शिमानोत मिनरल ऑइल आणि स्रॅमच्या रोड-ग्रॅव्हल ब्रेकमध्ये डॉट ५.१ ब्रेक फ्लुइड. एकात दुसरं गेलं तर आतली रबरी सीलं फुगून ब्रेक निकामी होतो. मोटरसायकलच्या मेकॅनिककडे डॉटच असतं, त्याने मदत म्हणून शिमानोत ओतू नये यासाठी तिथे उभे राहा. आणि चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका.

ब्रेक ओरडतो.

पावसात थोडा ओरडू द्या. कोरड्यात ओरडत असेल तर डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ फडक्याने पुसा. तेल लागलेले पॅड भाजून वा घासून वाचवायचा प्रयत्न मी खूप केला, फार टिकत नाही. नवे घ्या.

पॅडल मारताना करकर आवाज येतो. बॉटम ब्रॅकेट (क्रँकचं बेअरिंग) गेला का?

सगळे त्यालाच दोष देतात आणि बऱ्याचदा तो निर्दोष असतो. क्रमाने तपासा. उभं राहून पॅडल मारलं आणि आवाज थांबला तर सीट किंवा सीटपोस्ट. मग पॅडल काढून आट्यांना ग्रीस लावा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात न ठेवल्यामुळे कित्येक क्रँकचे आटे गेलेत. मग चाकांचे थ्रू-ॲक्सल (आरपार जाणारे आस) काढून पुसा आणि ग्रीसचा पातळ थर द्या. मी शोधलेल्या आवाजांपैकी बरेच इथेच सापडले. शेवटी क्रँक काढून बॉटम ब्रॅकेट बोटाने फिरवा. खरखर लागली तर बदला. आट्याच्या बीएसए प्रकारात उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो.

सीटपोस्ट निघतच नाही.

हे किनाऱ्यावर जास्त होतं. रत्नागिरीच्या एका मित्राची सायकल दोन वर्षं अंगणात होती. स्टीलची फ्रेम, ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट, खारा वारा. आम्ही तीन दिवस आत पाझरणारं तेल सोडलं, सीटपोस्ट व्हाइसमध्ये पकडून पूर्ण फ्रेम फिरवून बघितली, बर्फही लावला. शेवटी पोस्ट वरून कापून, आतून हॅक्सॉच्या पात्याने उभी चीर पाडून तुकड्या-तुकड्याने काढला. दोन रविवार गेले. मित्राच्या वडिलांची आठवण असलेली फ्रेम होती, ती वाचली याचं समाधान आजही आहे.

दर तीन महिन्यांनी पोस्ट काढा, पुसा, ग्रीस लावून परत घाला. पोस्ट किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट. काढण्यापूर्वी उंचीवर टेपची खूण करा.

वॉशिंग सेंटरला सायकल धुतली तर?

नको. तो फवारा बेअरिंगच्या सीलमधून आत जातो आणि ग्रीस बाहेर काढतो. बादली, मऊ ब्रश, भांड्यांचा साबण, आणि वरून हळू ओतलेलं पाणी.

पावसाळा संपल्यावर काय काय उघडायचं?

हेडसेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं ती बेअरिंग, पहिला. खालचं बेअरिंग पुढच्या चाकाच्या चिखलाच्या थेट माऱ्यात असतं आणि तिथे कुणी बघत नाही. हँडल फिरवताना मध्ये खाचेत बसल्यासारखं वाटलं तर ते गेलंय. बेअरिंगवर कोनांचे आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ३६ आणि ४५. ते बघूनच नवं घ्या.

मग हब. इथे एक सोय आहे जी पुष्कळांना ठाऊक नाही. हबमधली कार्ट्रिज बेअरिंग बऱ्याचदा साध्या औद्योगिक मापाची असतात आणि सीलवर नंबर असतो: ६९०२ म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा २८ आणि रुंदी ७ मिमी, ६८०२ म्हणजे १५, २४ आणि ५. सायकलच्या दुकानात मागवून पंधरा दिवस थांबण्याऐवजी शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात जा, नंबर सांगा आणि दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं २आरएस मागा. बसवताना फक्त बाहेरच्या कड्यावर दाब द्या.

मग बॉटम ब्रॅकेटच्या खालचं पाणी निघायचं भोक मातीने बुजलंय का ते तारेने बघा. केबल बदला. चाकांचा आऊट, म्हणजे डगमग, काढून घ्या. डिस्क ब्रेकमुळे मिलिमीटरभर आऊट ब्रेकला लागत नाही, म्हणून तो लक्षात येत नाही आणि तारा सैल होत राहतात. दोन-दोन तारा बोटांनी दाबून बघा, एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा ढिली लागली तर तिथून सुरुवात.

कार्बनची चाकं घेऊ का?

टायर, गिअर, ब्रेक आणि बसण्याची स्थिती हे सगळं मनासारखं झाल्यावर घ्या. आपल्या रस्त्यांसाठी मी चांगल्या हबवर बांधलेली ॲल्युमिनियमची रिम आणि २८ किंवा ३२ तारा सुचवेन. जास्त वजनाच्या किंवा सामान लादून जाणाऱ्या स्वाराने ३२ च घ्याव्यात. ॲल्युमिनियमची रिम दगडावर वाकते, पकडीने सरळ करून घरी येता येतं. तार साधी, वाकड्या डोक्याची असेल तर तालुक्याच्या गावातही मिळते.

टॉर्क रेंच लागतोच का?

कार्बन असेल तर लागतोच. स्टेमचे बोल्ट बहुधा ५ न्यूटन-मीटर, कॅसेटची रिंग ४०, शिमानोच्या क्रँकचे डाव्या बाजूचे दोन बोल्ट १२ ते १४. भागावर आकडा छापलेला असेल तर तोच खरा. क्रँकचे ते दोन बोल्ट एकदम न आवळता आलटून-पालटून थोडे थोडे आवळा.

लांब फेरीला सोबत काय ठेवू?

एक ट्यूब, प्लग, पंप, ॲलन की आणि टी२५ (ताऱ्याच्या टोकाची की) असलेला टूल, चेन तोडायचं हत्यार, दोन लिंक, जादा हँगर, पॅडची एक जोडी, फडक्याचा तुकडा आणि पाच-सहा झिप टाय. कार्बन डायऑक्साइडचं काडतूस मी नेत नाही. ते एकदाच चालतं आणि काही सीलंट त्याने गोठतात. पंप मात्र ताम्हिणीतून अंधारात परतणाऱ्या, ओळखही नसलेल्या दोन मुलांच्याही कामी आला. त्यांच्याकडे ट्यूब होती आणि काडतुसं संपली होती.